दक्षिणेची भिंत

माझ्या धाकट्या भावाने, निखिलने, मला फसवलं. ऑकलंडमधल्या अवोन्डेलच्या आमच्या घराला बाहेरून रंग द्यायचा होता तेव्हा फसवलं. घरातल्या सगळ्यांच्या देखत, आणि तोंडातून एकही खोटा शब्द न काढता. मी धंद्यातला माणूस आहे. गोड बोलून किडकी डाळ गळ्यात मारणारे मी खूप पाहिले आणि त्यांना पुरून उरलो. पण नुसतं गप्प बसून फसवणारा एकच भेटला, आणि तो माझ्याच खोलीत, पलीकडच्या पलंगावर झोपायचा.

आईबाबा निखिलला घेऊन न्यूझीलंडला आले तेव्हा मी अकरावीत होतो. ‘बारावी मोडायला नको’ असं ठरलं आणि मला पुण्यात आत्याकडे ठेवलं. कोणी ठरवलं ते मला कधी सांगितलं गेलं नाही. आमच्या घरात गोष्टी ‘ठरायच्या’. आत्याने मला नीट सांभाळलं, तिच्याबद्दल तक्रार नाही. मंडईत तिच्यामागे पिशवी धरून फिरताना मी भाव करायला शिकलो. पहिला भाव ऐकला की हसायचं, दुसरा ऐकला की पाठ फिरवायची, आणि हाक आल्याशिवाय मागे बघायचं नाही. हाक येतेच, असं आत्या म्हणायची. आज ऑकलंडमध्ये माझी तांदूळ-मसाल्याची तीन दुकानं आहेत आणि त्यांच्या पायात आत्याची ती तीन वाक्यं आहेत. कुठल्याही शाळेने मला तेवढं दिलं नाही.

बारावी झाली, व्हिसा आला, आणि नोव्हेंबरात मी इथे उतरलो. विमानतळावर निखिल माझ्यापेक्षा उंच झालेला दिसला. पायात जांडल्स, म्हणजे आपल्या स्लिपरा, आणि तोंडात च्युइंगगम. “हाय दादा,” म्हणाला, आणि माझी जड बॅग एका हाताने उचलून चालायला लागला. आईने मला जवळ घेतलं, रडली, आणि गाडीत पुढच्या सीटवर बसली. मागून निखिल तिला सांगत होता की घरी जाताना ते ‘आपलं’ वळण घेऊया. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. ‘आपलं’ कुठलं, हे मला माहीत नव्हतं.

घर लाकडाच्या आडव्या फळ्यांचं, वर पत्रा. इथे तशीच घरं असतात. कधीकाळी ते साईच्या रंगाचं असावं. आता रंगाचे पापुद्रे सुटून फळ्यांवर उभे राहिले होते आणि वारा आला की त्यांची बारीक सळसळ ऐकू यायची. सकाळी मागच्या झाडावर एक काळा पक्षी आधी सुरेल शीळ घालायचा आणि मग घसा बसलेल्या म्हाताऱ्यासारखा खाकरायचा. शनिवारी सगळ्या गल्लीत गवत कापायची यंत्रं सुरू व्हायची. घर मला आवडलं. मला सलत होतं ते घराच्या आत. मागच्या दाराशी कोट अडकवायला तीन खुंट्या होत्या. दुकानात तीनचीच पट्टी मिळाली, असं आई म्हणाली. मी माझं जाकीट दाराच्या मुठीला अडकवायचो आणि दार उघडलं की ते खाली पडायचं. शुक्रवारी संध्याकाळी कागदात गुंडाळलेले गरम चिप्स यायचे आणि मागच्या पायऱ्यांवर बसून आई, बाबा, निखिल लसणाच्या चटणीशी ते खायचे. ‘शुक्रवारचं आपलं’ म्हणायचे त्याला. मला आग्रहाने बोलवायचे. पाहुण्याला करतात तसा आग्रह. रताळ्याला निखिल ‘कूमरा’ म्हणायचा, आणि आईसुद्धा म्हणायला लागली होती. चतुर्थीला ती मला म्हणाली, “कूमराचा कीस घे ना आणखी,” आणि मी हातातला घास ताटात ठेवला. दोन वर्षांत माझी आई एक शब्द शिकली होती आणि तेव्हा मी तिथे नव्हतो. मत्सर म्हणा याला. मी म्हणतोच. सतरा वर्षांच्या मुलाला कशाचाही मत्सर वाटू शकतो, रताळ्याचासुद्धा.

डिसेंबरात बाबांनी घर रंगवायचं काढलं. गुढीपाडव्याला इथल्या मराठी मंडळाच्या लोकांना पहिल्यांदाच घरी बोलवायचं होतं, त्याआधी रंग व्हायला हवा होता. स्वतः रंगवण्याइतका बाबांना वेळ नव्हता, म्हणून रंगारी बोलावले. दोघे येऊन भाव सांगून गेले. तिसरा आला तो ग्रॅहम. साठीचा, पांढऱ्या केसांची शेपटी, रंगाने कडक झालेली अर्धी चड्डी. त्याच्याबरोबर सिओने नावाचा टोंगा बेटांकडचा धिप्पाड माणूस, शिडी एका खांद्यावर घेऊन. ग्रॅहमने घराभोवती फेरी मारली, नखाने पापुद्रे उचकटले, आणि कागदावर आकडा लिहून बाबांच्या हातात दिला. बाबा मान डोलवायला लागले. मी कागद काढून घेतला आणि हसलो. मग म्हणालो, निम्म्यात करणार का? ग्रॅहमने नकारार्थी मान हलवली. मी पाठ फिरवली आणि हाकेची वाट बघत उभा राहिलो.

हाक आली नाही. “नो वरीज, हॅव अ गुड वन,” एवढं ऐकू आलं, आणि मग व्हॅन सुरू झाल्याचा आवाज.

मी धावलो. अनवाणी, गल्लीच्या टोकापर्यंत, हात हलवत. शेजारची बाई गवताचं यंत्र बंद करून बघत राहिली. ग्रॅहमने काच खाली केली आणि मला शांतपणे समजावलं, मेट, म्हणजे मित्रा, हा आकडा म्हणजे काम आहे. आकडा कमी करायचा तर काम कमी करायला लागेल. कुठलं काम? धुणं, खरवडणं, घासणं. रंग लावणं हे शेवटचं. खरा घाम त्याच्या आधी गाळावा लागतो. मी तिथल्या तिथे म्हणालो, तो घाम माझा. आम्ही व्हॅनच्या खिडकीतून हात मिळवला. परत आलो तेव्हा बाबा फाटकात उभे होते. सगळं ऐकून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास,” म्हणाले. “आता घराचं बाहेरचं सगळं तू बघ.” निखिल पायरीवर बसून सफरचंद खात होता, तो चावायचा थांबला. त्याचं ते थांबलेलं तोंड मला अजून दिसतं. या देशात उतरल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी होतं जे त्याच्याकडे नव्हतं.

मग सगळी सुट्टी मी त्या घराला दिली. ग्रॅहमने तोंडावर बांधायचे मुखवटे आणून दिले, जुन्या रंगात शिसं असतं, कोरडं घासू नकोस, ओलं करून खरवड, असं बजावलं, आणि खरवडणी कशी धरायची ते दाखवलं. फळी-फळी करत मी पुढे सरकत होतो. तळहाताला फोड आले, फुटले, मग कातडं जाड झालं. सगळी गल्ली ख्रिसमसला समुद्रावर गेली तेव्हा मी शिडीवर होतो. निखिल अधूनमधून यायचा, रेडिओ घेऊन. तासभर खरवडायचा, तेही खालच्या फळ्या, जिथे शिडी लागत नाही. मग मित्र सायकलची घंटी वाजवायचे. “दादा, आय हॅव टू गो, स्विमिंग आहे,” म्हणत तो टॉवेल खांद्यावर टाकायचा.

“पोहायला रोज जावं लागतं?”

“तू पण चल ना. हीप्स ऑफ फन.”

“घर कोण खरवडणार? तुझी हीप्स?”

तो हसायचा आणि जायचा. दुपारी आई त्याच्यासाठी ठेवलेल्या पोह्यांतले पोहे मला द्यायची, तेव्हा मी बशी चाटूनपुसून खायचो, त्याच्यासाठी काही उरू नये म्हणून.

फेब्रुवारीच्या अखेरच्या सोमवारी ग्रॅहम येणार होता. त्याआधी तो एकदा येऊन खरवडलेल्या फळ्यांवरून हात फिरवून गेला, आणि मान हलवून म्हणाला, चांगलं केलंयस. मग धुण्याबद्दल सांगितलं. दक्षिणेची भिंत आधी धू, निदान आठवडाभर आधी, ती वाळायला वेळ घेते. उत्तरेची आदल्या दिवशी धुतलीस तरी चालेल. मी ते लक्षात ठेवलं. लिहून ठेवायची गरज नव्हती. दिशा काय लिहून ठेवायच्या असतात?

संध्याकाळी जेवताना मी सगळ्यांना बेत सांगितला. फेब्रुवारीत इथे आठ वाजेपर्यंत उजेड असतो. खिडकीतून मागचं लिंबाचं झाड लख्ख दिसत होतं. मी त्या बाजूच्या भिंतीकडे बोट केलं. “उद्या दक्षिणेची भिंत. मग दोन्ही बाजूंच्या. आणि पुढची, रस्त्याकडची, ती उत्तरेची, पुढच्या रविवारी.”

आता सांगतो काय झालं होतं ते. पुण्यात आत्याची गॅलरी दक्षिणेची. डोक्यावर सूर्य आला की तो दक्षिणेकडे कललेला असतो. कुरडया तिथे, पापड तिथे, माझे शाळेचे बूट तिथे. दुपारी ऊन जिकडे ती दक्षिण, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, कारण ते शिकवायची गोष्टच नव्हती. पृथ्वीच्या या खालच्या अंगाला दुपारचा सूर्य उत्तरेकडून येतो हे मी पुस्तकात वाचलं असेन, पण पुस्तकातलं आणि अंगणातलं यांची माझ्या डोक्यात गाठ पडली नव्हती. लिंबाकडच्या भिंतीवर दुपारी ऊन म्हणून ती दक्षिण. रस्त्याकडे सावली म्हणून ती उत्तर. प्रत्यक्षात नेमकं उलटं. उगवतीकडे तोंड करून उजवा हात पसरला असता तरी कळलं असतं. पण आपल्याला पक्कं माहीत आहे ते कोण पडताळून बघतो?

निखिलने मान वर केली. त्याला माहीत होतं. इथल्या शाळेत दोन वर्षं भूगोल शिकलेला मुलगा तो. त्याने माझ्या बोटाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मग मान खाली घालून वरणाचा भुरका मारला. आणि पुढचे नऊ दिवस तो त्या विषयावर बोलला नाही. मी कडकडीत उन्हातली भिंत धुतली, ती तासाभरात वाळली, आणि तो पायरीवर बसून बघत होता. रविवारी मी रस्त्याकडची सावलीतली भिंत नळी लावून, साबणाने, शेवाळ्यासकट, मन लावून धुतली, उघडं लाकूड पाणी पीत होतं, आणि तो नळीचा पीळ सोडवायला मला मदत करत होता. मदत! त्याने स्वतःच्या हाताने मला पाणी पुरवलं.

सोमवारी सकाळी ग्रॅहमने खिशातून ओल मोजायचं दोन टोकांचं एक यंत्र काढलं आणि फळीत टोचलं. काटा एकदम लाल पट्ट्यात गेला. दुसरी फळी, तिसरी फळी, तेच.

“कधी धुतलीस ही?”

“काल. तुम्हीच म्हणालात उत्तरेची आदल्या दिवशी चालेल.”

ग्रॅहमने माझ्याकडे बघितलं, मग आकाशाकडे बघितलं. “मेट,” तो म्हणाला, “ही दक्षिण आहे.”

सिओने आधी हसला नाही. मी जेव्हा ठणकावून सांगितलं की ही उत्तर आहे, आणि हवं तर माझ्या वडिलांना विचारा, तेव्हा तो हसला. त्याला शिडीच्या खालच्या पायरीवर बसावं लागलं, आणि हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट माणूस नव्हता. नंतर त्यानेच माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की त्याचा एक चुलतभाऊ इथे येऊन आठवडाभर उलट्या बाजूची बस पकडत होता. पण मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मी खिडकीकडे बघत होतो. तिथे निखिल सकाळचं दूध-सीरियल खात उभा होता. तो हसत नव्हता. चमचा तसाच धरून माझ्याकडे बघत होता.

मी आत गेलो. “तुला माहीत होतं?”

“हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू विचारलंस कुठे, दादा?”

मी त्याच्या हातातला वाडगा उडवला. दूध भिंतीवर, त्याच्या शर्टावर, आईच्या पडद्यावर. मग मी त्याला मारलं, दोनदा, आणि तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा बाबांनी मनगट धरलं. ऑफिसला जायच्या कपड्यांत होते. “चूक तुझी,” ते म्हणाले, “आणि मारतोस त्याला?” मी म्हणालो, त्याला माहीत होतं. बाबा म्हणाले, “ज्याच्याकडे काम असतं त्याने माहीत करून घ्यायचं.” बाहेर जाऊन ते ग्रॅहमशी बोलले. खिडकीतून मला ऐकू आलं, “निखिल, जरा ये इकडे, हा काय म्हणतोय नीट समजून घे.” शर्टावर दूध तसंच, निखिल बाहेर गेला. मी आत राहिलो. पडदा पुसत.

ग्रॅहमने तीन बाजू रंगवल्या. चौथी वाळेपर्यंत त्याच्या दुसऱ्या कामाचा दिवस आला. मग पाऊस लागला. तो एक दिवस सवड काढून आला आणि भिंतीला नुसता खालचा पांढरा हात मारून गेला, वरचा रंग पुढच्या उन्हाळ्यात म्हणून. रस्त्याकडची बाजू! येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारी तेवढी एकच. पाडव्याला गुढी उभारली ती त्या पांढऱ्याफटक भिंतीसमोर. मंडळाची माणसं फाटकातून आत येताना थबकायची, आणि बाबा हातात श्रीखंडाची वाटी देत सांगायचे, “आमच्या थोरल्याने पृथ्वी उलटी केली.” लोक पोट धरून हसायचे. आईसुद्धा हसली. पुढे कित्येक वर्षं कुणाच्या बारशाला, कुणाच्या साखरपुड्याला मी गेलो की एखादे काका विचारायचे, “काय रे, सूर्य कुठे आहे आज?” आणि दुसऱ्या उन्हाळ्यात रंग ठरवताना ग्रॅहमशी निखिल बोलला. घराचं बाहेरचं सगळं त्यानंतर तोच बघत राहिला. मी रविवारच्या बाजारात टेबल टाकून मसाले विकायला लागलो, कारण घरात बघण्यासारखं माझ्याकडे काही ठेवलं नव्हतं. लोक म्हणतात, त्या हट्टानेच तू वर आलास. आलो असेन. त्याबद्दल कुणाचे आभार मानायचे नाहीत, हेही मी ठरवलं आहे.

हे सगळं आता लिहायला बसलो त्याला कारण आहे. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई त्याच घरात एकटी राहते; मी दहा मिनिटांवर, आठवड्यातून चार वेळा भाजी, औषधं, डॉक्टर हे सगळं माझ्याकडे. निखिल वेलिंग्टनला सरकारी खात्यात संगणकावर बसतो. या महिन्यात घराला पुन्हा बाहेरून रंग लागतो आहे. निखिलने तिथे बसून, फोनवर, पहिला आलेला भाव मान्य करून टाकला. एका शब्दाने कमी केला नाही. मी गेलो तेव्हा परांचा बांधून झाला होता, आणि आई दारात आलेल्या प्रत्येकाला सांगत होती, “निखिल रंगवून देतोय हो घर.” तिची औषधांची पिशवी माझ्या हातात होती.

मी गाडीत बसून त्याला फोन केला. जे बोलायचं नव्हतं ते बोललो, तीस वर्षांपूर्वीचं सगळं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “दादा, तू अजून मलाच धरून बसलायस? मी बोलणार होतो रे. त्याच संध्याकाळी. तू हात धुवायला उठलास तेव्हा मी बाबांना म्हणालो, दादा उलटं सांगतोय. बाबा म्हणाले, गप्प बस. व्हॅनमागे अनवाणी धावला, सगळ्या गल्लीत तमाशा केला. एकदा पोळू दे त्याला हात, म्हणजे अक्कल येईल.”

“खोटं बोलतोस.”

“मग आईला विचार. ती तिथेच होती, ताटं उचलत.”

मी फोन ठेवला. बाबांवर मी कधी संशय घेतला नव्हता. पण बाबा इमारतींचे नकाशे काढायचे. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण. ज्याने जन्मभर तो बाण काढला, त्याला मी उलट्या भिंतीकडे बोट दाखवलेलं कळलं नसेल? मला आजवर हा प्रश्न पडला नाही, कारण मला निखिलचा राग हवा होता. तो परवडत होता. आणि आता निखिल म्हणतो तसं असेल, तर मला शाब्बास म्हणताना त्यांना मनातून माझी लाज वाटत होती, आणि सतराव्या वर्षी मिळालेला तो एक शब्दही माझा नव्हता. आणि निखिल खोटं बोलत असेल, तर त्याने स्वतःची चोरी मेलेल्या बापाच्या खिशात ठेवली. दोन्हींत मधला रस्ता नाही.

मी आईला विचारलं. ती ओट्याशी मटार सोलत होती. “इतकं जुनं कुठे आठवतंय रे मला,” म्हणाली. मी म्हणालो, आठव. ती म्हणाली, “त्या दिवशी तू नीट जेवलाही नाहीस, दुधीची भाजी तशीच ठेवलीस.” आणि मटार सोलत राहिली.

आई, दुधीची भाजी तुला आठवते. मी ती ताटात टाकली हे आठवते. त्याच ताटावरून तू हात पुढे केलास तेव्हा तिथे दोन माणसं बोलत होती, तुझ्यापासून एका हाताच्या अंतरावर. मी लहान राहिलेलो नाही, आणि तुला सांभाळून घ्यायला बाबाही आता नाहीत. निखिल बोलला का? बाबांनी त्याला गप्प केलं का? हो म्हण किंवा नाही म्हण, मी दोन्ही पचवीन. हे सगळं लिहिलेलं मी तुला वाचून दाखवणार आहे, आणि वाचून झालं की समोर बसून राहणार आहे. ‘आठवत नाही’ हे उत्तर मी घेणार नाही.